परसातली कार्यशाळा आणि तिचे लाकडी छप्पर
(सदर : घर-अंगण, वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाल्यापासून सुतारकामाचा जुना छंद पुन्हा सुरू केला आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत आतून १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब अशी कार्यशाळा स्वतः उभारावी, असा विचार आहे. भिंती विटांच्या, ९ इंची आणि साडेसात फूट उंच असतील. वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौले घालायची आहेत. ८ फुटी फळ्या आत उभ्या फिरवता याव्यात म्हणून आडव्या तुळया नको आहेत. दोन्ही बाजूंचे वासे आढ्याशी, म्हणजे छपराच्या सर्वांत वरच्या कडेशी, एकमेकांना टेकवून, वरच्या बाजूला छोटी आडवी पट्टी ठोकली तर चालेल, असे एका चलच्चित्रात पाहिले. लाकूड कोणते घ्यावे आणि किती लागेल? काळ्या मातीत पायाची काही विशेष काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर : आपण भिंतींपासून सुरुवात करून छपराकडे गेला आहात. बहुतेक सगळेच तसे करतात आणि म्हणूनच छपराची वेळ येते तेव्हा भिंतींची उंची, जाडी आणि जागा हे सगळे ठरून गेलेले असते. माझा सल्ला असा की आधी कागदावर छप्पर पुरे करावे, त्याचे वजन व रेटा कुठून कुठे जातो ते पाहावे आणि मग त्याला पेलतील अशा भिंती व पाया आखावा. आपल्या प्रश्नातला तुळईचा पेच या क्रमाने पाहिला तर आपोआप सुटतो.

मंगलोरी कौलांसाठी चढ फुटाला ७ इंच, म्हणजे सुमारे ३० अंश, ठेवावा. त्याहून कमी चढ ठेवला तर वाऱ्याबरोबर येणारे पावसाचे पाणी कौलांच्या सांध्यांतून मागे सरकते. १२ फुटांच्या अंतरावर या चढाने आढे भिंतीच्या माथ्यापासून साडेतीन फूट वर जाते. वळचण दीड फूट बाहेर काढली तर प्रत्येक वासा साडेनऊ फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे १० फुटी माल घ्यावा लागेल. लांबीच्या दोन्ही टोकांना फूटभर छप्पर बाहेर काढल्यास दोन्ही पाख्यांचे मिळून क्षेत्रफळ ४१० चौरस फूट होते. शंभर चौरस फुटांना साधारण १५० कौले लागतात, तेव्हा फुटतूट धरून ६५० कौले आणावीत. एक कौल पावणेतीन ते तीन किलोचे असते. म्हणजे कोरडे छप्परच पावणेदोन टनांचे होते आणि श्रावणात ते पाणी पिऊन आणखी जड होते.

आता मुख्य मुद्दा. समोरासमोरचे दोन वासे नुसते एकमेकांना टेकवले की ते भिंतींना खाली दाबतातच, शिवाय बाहेरच्या बाजूला ढकलतातही. कौले, लाकूड आणि वर चढणारा माणूस यांचा हिशेब धरला आणि वासे २ फुटांवर ठेवले, तर १२ फुटांच्या अंतरावर ३० अंशांच्या चढाला वाशांच्या प्रत्येक जोडीमागे हा आडवा रेटा सुमारे ११५ किलो भरतो. आपल्याकडे अशा बारा जोड्या असतील. साडेसात फूट उंचीवर, वर्षानुवर्षे, दिवसरात्र एवढा रेटा ९ इंची भिंतीला सोसायला लावणे योग्य नाही. भिंत लगेच पडत नाही. ती हळूहळू कलते, आढे खाली बसते, कौलांच्या ओळी फाकतात आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छप्पर गळू लागल्यावर दोष मात्र कौलांना दिला जातो.

आढ्याजवळ ठोकलेली पट्टी हा रेटा थांबवत नाही. वाशांचे पाय फाकू नयेत म्हणून बंध पायांशीच हवा. तो जितका वर न्याल तितका त्याच्यावरचा ताण वाढतो आणि वासा मधल्या भागात वाकू लागतो. थंड देशांतल्या कारागिरांनी वरच्या पट्ट्या ठोकलेल्या आपण पाहिल्या असतील. पण त्यांच्या पोटमाळ्याच्या जमिनीखालच्या तुळया पुष्कळदा चित्रात दिसत नाहीत आणि खरा बंध त्याच असतात.

मग उपाय काय? रेटा टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आढ्यालाच तुळई मानणे. वाशांची वरची टोके आढ्यावर नीट खाच करून बसवली आणि आढे स्वतः वाकणार नाही इतके खोल असले, तर वासे त्यावर लोंबकळल्यासारखे राहतात आणि भिंतींना ढकलत नाहीत. परंतु दोन त्रिकोणी भिंतींमध्ये १८ फूट मोकळे जाणारे आढे ५ इंच रुंद आणि १२ इंच खोल लागेल. असा एकसंध दांडा मिळणे अवघड, मिळालाच तर महाग, आणि तो वर चढवायला पाच-सहा माणसे व कप्पी हवी. म्हणून मध्यावर, ९ फुटांवर, एकच कैची, म्हणजे दोन तिरके वासे, खालची आडवी तुळई आणि मधला उभा दांडा यांची त्रिकोणी चौकट, उभी करावी. तसे केल्यावर आढ्याचे अंतर निम्मे होते आणि ३ बाय ८ इंचांचा दांडा पुरतो. आडवी तुळई संपूर्ण कार्यशाळेत एकच राहील आणि ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना बांधूनही ठेवील.

राहिली ८ फुटी फळ्यांची अडचण. तिचे उत्तर छपरात नसून भिंतीत आहे. भिंत साडेसात फुटांऐवजी ९ फूट करावी. दीड फूट विटांच्या चार-सहा ओळींचा खर्च आपल्या सगळ्या चिंतेपेक्षा कमी आहे. कैचीची तुळई ९ फुटांवर गेल्यावर तिच्याखालून फळी उभी फिरते आणि तिच्यावर दोन आडवे दांडे टाकले की लांब फळ्या ठेवायची उत्तम जागा होते. तिथे शिसवी दांडे आणि लोखंडी सामान मात्र रचू नये, कारण ती तुळई ताण घेण्यासाठी आहे, वजन घेण्यासाठी नाही.

कैचीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अनुभवी सुतारही येथे पुष्कळदा चुकतात. जुन्या वाड्यांत तुळईवर उभा खांब ठेवून त्यावर आढे टेकवत, म्हणजे आढ्याचा भार तुळईच्या मध्यावर येई. म्हणूनच त्या तुळया फूट-फूट जाड असत. कैचीत याच्या उलट घडते. आढ्याचा भार दोन्ही तिरक्या वाशांतून खाली भिंतींकडे जातो आणि मधला उभा दांडा वरून लोंबतो, तो तुळईला मधोमध उचलून धरतो. तेव्हा हा दांडा तुळईवर घट्ट टेकवून वर पाचर मारू नये. त्याच्या खालच्या टोकाला ४ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी यू आकारात वळवून तुळईखालून न्यावी आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टने आवळावी. तिरके वासे तुळईला मिळतात त्या कोपऱ्यांत खाच करून, वरून तशीच पट्टी व प्रत्येकी दोन बोल्ट द्यावेत, कारण सगळा ताण शेवटी याच दोन सांध्यांवर येतो. तुळईचे टोक सांध्यापुढे निदान ९ इंच राहू द्यावे, नाहीतर खाचेपुढचे लाकूड धाग्याने सरळ चिरत जाते. कैचीचे सगळे दांडे ३ बाय ६ इंचांचे ठेवावेत.

बाकीचे वासे २ बाय ४ इंच, कौले ज्यांवर अडकतात त्या रिपा २ इंच रुंद व दीड इंच जाड, भिंतींच्या माथ्यावरची लांब पट्टी, जिला कारागीर वॉलप्लेट म्हणतात, ती ४ बाय ३ इंच. या सगळ्याचे मिळून सुमारे ३४ घनफूट लाकूड होते. कटाई व नासाडी धरून ३८ ते ४० घनफूट मागवावे. रिपांतले अंतर मात्र पुस्तकातून घेऊ नये. कौले आणल्यावर दहा कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडावीत, थोडी ढिली व थोडी ताणून मोजावीत आणि मधले माप धरावे. ते बहुधा साडेबारा इंचांच्या जवळ येते, पण भट्टीभट्टीत फरक असतो.

लाकूड कोणते, याविषयी माझे मत काहींना आवडणार नाही. सगळे सागाचे करणे म्हणजे उधळपट्टी आहे. बैतूल, हरदा, टिमरनी या भागांतला साग उत्कृष्ट असतो, त्यातला टेक्टोक्विनोन नावाचा घटक वाळवीला दूर ठेवतो आणि वाळल्यावर तो फारसा वळत नाही. हे सगळे खरे असले तरी हे गुण जिथे उपयोगी पडतात तिथेच साग वापरावा, म्हणजे वॉलप्लेट, दारे-खिडक्या आणि बाहेर निघालेली टोके. आढे आणि कैची साल वृक्षाच्या लाकडाची करावी, तो सागाहून जड व मजबूत असतो आणि मंडला-दिंडोरीकडून आपल्या बाजारात येतो. रिपांसाठी वाळवलेला पाइन औषध लावून चालतो. सागाचे खोड विकत घेताना गाभा पाहावा. झाडाची बाहेरची साल आणि गाभा यांमधला फिकट पांढरा भाग सागाचा असला तरी वाळवी तो आनंदाने खाते, त्यामुळे ‘साग आहे’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. बिल घ्यावे आणि लाकूड थेट जंगलखात्याच्या डेपोतून किंवा शेतातल्या झाडाचे येत असेल तर वाहतुकीचा परवाना सोबत आहे की नाही हे विचारावे.

साल वृक्षाच्या लाकडाविषयी एक इशारा. ते हळू वाळते आणि वाळताना वळते. माझ्या पहिल्या शेडसाठी मी मे महिन्यात घाईघाईने लाकूड घेतले होते. विक्रेत्याने ते वर्षभर वाळवलेले असल्याचे सांगितले आणि मी मान्य केले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत चार वासे असे पिळले की कौले एका बाजूने उचलली गेली आणि रात्री मांजर वर चढले तरी खडखड ऐकू येत असे. तेव्हापासून मी ओलावा मोजायचे छोटे यंत्र खिशात घेऊन जातो. वाचन १४ टक्क्यांच्या खाली असावे. लाकूड दिवाळीनंतर घ्यावे, सावलीत एकावर एक रचताना प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, टोकांना रंग किंवा मेण लावावे आणि एप्रिलमध्ये छप्पर चढवावे. मालव्याची कोरडी हवा हे काम फुकट करून देते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, त्याआधी कौले घालून झाली पाहिजेत.

आता माती. इंदूरची काळी माती मेमध्ये हात जाईल इतक्या भेगा देते आणि ऑगस्टमध्ये फुगून वर येते. मोठी इमारत आपल्या वजनाने हा फुगवटा थोडाफार दाबून धरते. आपली कार्यशाळा हलकी असल्यामुळे माती तिला सहज उचलते, आणि सगळीकडे सारखी उचलत नाही, म्हणून कोपऱ्यांत तिरप्या भेगा पडतात. छोट्या बांधकामाला लहान पाया पुरतो हा समज या मातीत महागात पडतो. ओलावा वर्षभर कमीजास्त होतो तो थर निदान ५ फुटांचा असतो, तेव्हा पाया त्याच्या खाली न्यावा. चर न खोदता चारही कोपऱ्यांत आणि कैचीखालच्या दोन जागी मिळून सहा खड्डे घ्यावेत, खाली मुरूम लागला तर उत्तमच. त्यांवर सिमेंट-काँक्रीटचे खांब घेऊन जोत्याची तुळई अशी ओतावी की तिच्याखाली ३ इंच पोकळी राहील. माती फुगली तर ती त्या पोकळीत फुगेल. याचाच सुधारलेला प्रकार म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात ओतलेले, खाली फुगीर कंद असलेले खांब. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ते याच मातीसाठी विकसित केले आहेत. जमीन फारच वाईट असेल तर तो कंत्राटदाराकडून करून घ्यावा. खोदकामातली काळी माती जोत्यात परत भरू नये, मुरूम भरावा. भोवती ३ फूट रुंद उताराचा काँक्रीटचा पट्टा करावा आणि वळचणीचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे.

जोत्याच्या भरावावर काँक्रीट टाकण्याआधी वाळवीचे औषध फवारावे. क्लोरपायरिफॉस २० ईसी असेल तर एक लिटर औषधात १९ लिटर पाणी आणि हे मिश्रण दर चौरस मीटरला ५ लिटर. हातमोजे, तोंडाला पट्टी, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

भिंतींच्या माथ्यावर ६ इंच जाड काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवावा आणि त्यात दर ४ फुटांवर १२ मिलिमीटरचे बोल्ट उभे रोवून वॉलप्लेट त्यांना आवळावी. वासे वॉलप्लेटला नुसत्या खिळ्यांवर सोडू नयेत, प्रत्येकाला पत्र्याची पट्टी द्यावी. मेअखेरीच्या वावटळीत छप्पर खाली दबत नाही, ते वर उचलले जाते, आणि वळचण जितकी मोठी तितकी वाऱ्याला पकड जास्त मिळते.

खिडक्या उत्तरेकडे मोठ्या घ्याव्यात, म्हणजे रंधा मारताना डोळ्यांवर ऊन येत नाही. दक्षिणेकडे लहान झरोके पुरेत.

शेवटी परवानगी. कायमस्वरूपी विटांचे बांधकाम ‘बागेतली शेड’ ठरत नाही. भूखंडाच्या कडेची जी मोकळी जागा सोडावी लागते, जिला इंदुरात सगळे एमओएस म्हणतात, तिथे हे बांधकाम येत असेल तर नोटीस येऊ शकते. मंजूर नकाशा घेऊन आधी नगर निगमात किंवा आपल्या वास्तुविशारदाकडे जाऊन यावे. पाया खोदल्यावर जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : रामबागेतला आमच्या आजोबांचा वाडा उतरवला जात आहे. त्यातल्या सागाच्या तुळया आणि वासे माझ्या मुलाच्या वर्कशॉपच्या छपराला वापरता येतील का? भंगारवाला सगळे एकरकमी मागतो आहे.

उत्तर : ताई, एकरकमी देऊ नका. शंभर वर्षे वाळलेला साग आज बाजारात सहजासहजी मिळत नाही आणि तो यापुढे वळण्याची भीती फार कमी. मात्र तो निवडून घ्यावा लागतो. प्रत्येक दांड्याच्या भिंतीत गेलेल्या टोकांना टोच्याने ठिकठिकाणी दाबून पाहावे. टोच्या सहज आत गेला की तेवढा भाग कापून टाकावा, बहुधा फूट-दीड फूटच खराब निघतो. हातोडीने ठोकल्यावर भरीव टणक आवाज आला पाहिजे, पोकळ आवाज आला तर आत वाळवीचे घर आहे.

जुन्या तुळयांत वाशांच्या खाचा आणि कुसवांची भोके असतात. ती मध्यभागी व खालच्या अंगाला आली तर तुळई कमजोर होते, कारण वाकताना खालचा भाग ताणला जातो. अशी तुळई उलटी करून खाचा वर आणाव्यात आणि त्यांत त्याच मापाचे लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. भोक आरपार आणि मधोमध असेल तर त्या दांड्याचे दोन आखूड तुकडे करून वासे किंवा टेबलाचे पाय करावेत. करवतीला देण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधणे अत्यंत आवश्यक आहे, कारण घडीव लोखंडाचा एक खिळा आरा मशीनचे पाते आणि मशीनवाल्याशी असलेले संबंध दोन्ही बिघडवतो. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून रंग कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवावे.

आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते, आणि १८०१, १९०८ व १९८४ अशा तीन आगींत तो जळला, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. वर्कशॉपमध्ये भुसा, तारपीन आणि विजेची यंत्रे एकाच छताखाली असतात. तेव्हा मुलाला सांगावे की तारा लाकडावरून उघड्या नेऊ नयेत, गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवावा, रोजचा भुसा रोज बाहेर टाकावा आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून उन्हात वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात.

प्रश्न : महूजवळ आमची शेती आहे. तिथे अवजारे दुरुस्त करायला शेड करायची आहे. जुने देशी कवेलू भरपूर पडले आहेत. ते वापरावेत की पत्रा घालावा?

उत्तर : कवेलू जरूर वापरावेत, पण त्यांची किंमत श्रमात मोजावी लागते. हे अर्धगोल कौल एकमेकांत अडकत नाही, नुसते एकावर एक टेकलेले असते. त्यामुळे ते वाऱ्याने, पाखरांनी आणि माकडांनी सरकते आणि दरवर्षी मृगाआधी शाकारणी करावी लागते. शाकारणी करणारी माणसे आता आपल्याकडे मिळतात का, हे आधी गावात विचारून घ्यावे. मिळत असतील तर बांबूच्या कामट्या जवळजवळ बांधून त्यांवर कवेलू घालावेत, मे महिन्यात आत बसून काम करता येईल. पत्र्याखाली दुपारी दोन वाजता पाना हातात धरवत नाही आणि पावसात समोरच्या माणसाशी बोलताही येत नाही.

मधला मार्ग असा की जिथे वेल्डिंग आणि ट्रॅक्टर असेल त्या अर्ध्या भागावर पत्रा आणि जिथे बसून काम करायचे त्या अर्ध्यावर कवेलू. दोन्ही भागांची छपरे वेगळी ठेवावीत, पत्र्याचे पाणी कवेलूंवर पडू देऊ नये, कारण ती धार एका पावसात कवेलू जागचे हलवते. खांब निलगिरीचे घेतले तर साल पूर्ण काढावी. जमिनीत जाणाऱ्या भागाला नुसते डांबर फासून भागत नाही, कारण ते वरून खरवडले की वाळवी तिथून शिरते. खांब जमिनीत पुरण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यावर, जमिनीपासून ६ इंच वर, लोखंडी बुटात उभे करावेत आणि त्या सहा इंचांकडे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नजर टाकावी. वाळवी चढली तर मातीची बारीक नळी तिथेच दिसते आणि खराट्याच्या एका फटक्यात निघते.